फुप्फुसाचा कर्करोग आणि वैद्याचा विवेक

ठाण्याच्या खाडीलगतच्या आमच्या बाळकुम गांवीं २०२३ सालीं कर्करोग-रुग्णालयाचें भूमिपूजन झालें. एरव्हीं या व्याधीचें नांव निघालें कीं येथील माणसाला परळच आठवावयाचें. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय तेथें आहे. भूमिपूजनाची वार्ता वाचून आम्हांस एका वृद्ध शेजाऱ्यांची आठवण झाली. हे निवृत्त शिक्षक फुप्फुसाच्या कर्करोगानें आजारी पडले. मुलांनीं त्यांच्यापासून रोगाचें नांव दडविलें, आणि डॉक्टरांस विचारलें, “सर्वांत उत्तम औषध कोणतें?” डॉक्टर म्हणाले, “त्यांना स्वतःला काय हवें आहे?” मुलगे निरुत्तर झाले. या प्रश्नामागें नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

१९३३ पूर्वीं निवडीचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें एव्हर्ट्स ग्रॅहॅम या शल्यविशारदानें एका रुग्णाचें संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेंत काढलें. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता. तो पुढें सुमारें तीस वर्षें जगला. ग्रॅहॅम मात्र १९५७ सालीं याच रोगानें निवर्तला. तेव्हांपासून पहिला प्रश्न ठरला तो असा : रोग एका जागीं आहे कीं पसरला आहे? एका जागीं असेल, आणि रुग्णाचा श्वास व हृदय तें सोसण्याजोगें असेल, तर शस्त्र. तें न सोसणाऱ्यास किरणोपचार. परंतु आपल्याकडे खोकल्यांतून रक्त पडलें कीं प्रथम क्षयाचा संशय येतो, त्यांत महिने जातात, आणि पुष्कळांच्या बाबतींत शस्त्राची वेळ टळून गेलेली असते.

दुसरा प्रश्न औषधांबरोबर आला. १९४८ च्या सुमारास न्यूयॉर्कचे डॉ. कार्नॉफ्स्की व त्यांचे सहकारी युद्धांतील विषारी वायूच्या जातीचें एक औषध या रोगावर देऊन पाहत होते. गांठ लहान झाली एवढ्यानें त्यांचें समाधान होईना. रुग्ण स्वतःचें काम स्वतः किती करूं शकतो, हें मोजण्यास त्यांनीं शून्य ते शंभर अशी श्रेणी बसविली. रोगाबरोबर रोगीही मोजावयाचा असतो, हें वैद्यक त्या वेळीं शिकलें.

तिसरा प्रश्न २००४ नंतरचा. कांहीं गांठींच्या पेशींत एक विशिष्ट जनुकीय बदल आढळतो, आणि अशा रुग्णांस साधी गोळीही लागू पडते. मग गोळी एकटी द्यावी कीं तिच्या जोडीला केमोथेरपी? हें परळच्याच रुग्णालयानें ३५० रुग्णांवर पडताळून पाहिलें. एकट्या गोळीनें रोग साधारणतः ८ महिने आवरला गेला, जोडउपचारानें १६, आयुष्यही वाढलें. परंतु तीव्र त्रास एकट्या गोळीनें शंभरांत २५ जणांस झाला, तर जोडउपचारानें ५१ जणांस.

आतां वाचकांनींच सांगावें, यांतील ‘उत्तम’ कोणतें? आंकडे वैद्य देऊं शकतो; परंतु आठ महिन्यांचें मोल किती, आणि त्यासाठीं किती यातना सोसावयाच्या, हें ज्याचें शरीर आहे त्यानेंच सांगावयाचें असतें. त्याच्यापासून रोगाचें नांवच दडविलें, तर वैद्याच्या तराजूचें एक पारडें रिकामें राहतें. प्रेमापोटीं आपल्या घरोघरीं हेंच घडतें.

अखेर मुलांनीं धीर करून वडिलांस सांगितलें. ते क्षणभर थांबून म्हणाले, “मला वाटलेंच होतें.” त्यांनीं दोन्ही उपचारांची माहिती नीट ऐकून घेतली आणि एकटी गोळी मागितली, नातीला रोज सायंकाळीं गणित शिकवितां यावें, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसऱ्या कोणी जोडउपचार मागितला असता, तर तोही तितकाच योग्य ठरला असता. बाळकुमच्या नव्या रुग्णालयांत यंत्रें येतील, औषधें येतील. रुग्णाशीं खरें बोलण्याचें काम मात्र आपल्या घरांनाच करावें लागेल.