अथेन्सची मतपेटी

शेरीफ हें नांव मुंबईकरांना नवें नाहीं. परंतु मुंबईचा शेरीफ म्हणजे सरकारनें नेमलेला, सभासमारंभांत शोभणारा मानकरी. अमेरिकेंतील काउंटीचा शेरीफ हें प्रकरण अगदीं निराळें आहे. काउंटी हा तिकडील घटक संस्थानाच्या पोटांतील जिल्हा. त्याचा शेरीफ बहुतेक ठिकाणीं लोकांच्या मतांनीं निवडला जातो, आणि गुन्हेगारांस पकडणें, तुरुंग सांभाळणें, न्यायालयाचे हुकूम बजावणें हीं कामें त्याच्याकडे असतात. निवडणुकीचा उमेदवारच बंदुकवाल्यांचा धनी झाला म्हणजे काय होतें, हें टेनेसी संस्थानांतील मॅकमिन काउंटीनें १९४६ सालीं पाहिलें. या काउंटीच्या मुख्य गांवाचें नांव अथेन्स असावें, हा एक योगायोगच!

१९३६ सालीं पॉल कॅन्ट्रेल तेथें शेरीफ झाला. पुढें तो संस्थानच्या सेनेटमध्यें गेला, तरी ती जागा त्याचाच सहकारी पॅट मॅन्सफील्ड याच्या हातीं राहिली. यांच्या कारभाराचें मूळ दुखणें मोबदल्याच्या पद्धतींत होतें. शेरीफ व त्याचे डेप्युटी यांस माणूस पकडल्याबद्दल, कोठडींत ठेवल्याबद्दल आणि सोडल्याबद्दलही फी मिळे. मग काय, काउंटींतून जाणाऱ्या बसगाड्या अडवून पेंगुळलेल्या उतारूंना खालीं ओढावें, दारू प्याल्याचा आरोप ठेवावा आणि दंड उकळावा, असा धंदाच सुरू झाला. उतारू प्यालेला होता कीं नाहीं, हा प्रश्न गौण. मतदानांतील लबाडीबद्दल वॉशिंग्टनला तक्रारी गेल्या. १९४०, १९४२ व १९४४ या तिन्ही निवडणुकांची चौकशी झाली, परंतु तिच्यांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं.

महायुद्ध संपून काउंटीचे सुमारें ३,००० लोक लष्करांतून परतले. त्यांतील कित्येकांना डेप्युट्यांची दंडेली स्वतः सोसावी लागली. तेव्हां त्यांनीं दोन्ही पक्षांतील माणसें घेऊन स्वतंत्र उमेदवार उभे केले. शेरीफच्या जागेसाठीं नॉक्स हेन्री पुढें आला; समोर पुन्हां कॅन्ट्रेल.

मतदान १ ऑगस्टला होतें. मॅन्सफील्डनें सुमारें २०० सशस्त्र डेप्युटी ठेवले होते, पुष्कळसे बाहेरगांवचे. दुपारीं टॉम गिलेस्पी नांवाचा वृद्ध कृष्णवर्णी शेतकरी मत देण्यास आला. त्याला अडवून मारहाण करण्यांत आली, आणि तो निघून जाऊं लागतांच त्याच्या पाठींत गोळी घालण्यांत आली. सुदैवानें तो वांचला. मतदान संपतांच मतपेट्या उचलून तुरुंगांत नेण्यांत आल्या. ज्यांच्या जागा पणाला लागलेल्या, त्यांनींच बंद दाराआड मतें मोजावयाचीं!

रात्रीं माजी सैनिकांनीं नॅशनल गार्डच्या कोठारांतून रायफली आणून तुरुंगाला वेढा दिला. कित्येक तास गोळीबार चालला. आंतले लोक ऐकेनात, तेव्हां डायनामाइट फेंकण्यांत आलें, आणि पहांटे साडेतीनच्या सुमारास ते शरण आले. अनेक जखमी झाले; जीव मात्र एकाचाही गेला नाहीं. मतें मोजलीं गेलीं आणि हेन्री निवडून आला.

कायद्याचें राज्य मागणाऱ्यांनींच कायदा मोडला, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. परंतु कायद्याचें दार तीनदां ठोठावून झालें होतें, हेंही विसरतां येत नाहीं. बंदुकींनीं मतपेटी सुटली. दुखण्यावर औषध पडलें तें मात्र नव्या अधिकाऱ्यांनीं आपल्या मिळकतीला ५,००० डॉलरांची मर्यादा घालून घेतली तेव्हां. गिलेस्पीवर गोळी झाडणाऱ्याला एक ते तीन वर्षांची शिक्षा झाली.

सैनिकांची संघटना फार दिवस टिकली नाहीं. जानेवारी १९४७ मध्यें तिच्या पांच पुढाऱ्यांपैकीं चौघांनीं अनावृत पत्र लिहून कबूल केलें कीं, एक कंपू मोडला खरा, पण त्याच्या जागीं त्याहून जबर असा दुसरा कंपू तयार होत आहे.