नऊ मिलिमीटरचा उतार

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ केळणा नदीच्या दक्षिणेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली घोड्यावर बसून पलीकडचा काठ न्याहाळत होता. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज, आणि शंभराच्या आसपास तोफा. वाटाडे सांगत होते की जवळपास नदीला दुसरा उतार नाही. वेलस्लीला मात्र पूर्वेकडे दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. इंग्रजी नोंदींत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. गावं इतकी जवळ, म्हणजे माणसांची जा-ये असणार, म्हणजे उतार असणारच, असा त्याने तर्क केला. उतार निघाला. फौज पार झाली आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आली.

माझ्या टेबलावरच्या नकाशात हा उतार सव्वानऊ मिलिमीटर लांबीचा आहे. एका षटकोनाची एक बाजू, बस्स. नदीची निळी रेघ त्या बाजूवर तुटते आणि तिथे दोन छोटे तपकिरी ठिपके आहेत. खेळात केळणा ओलांडायची ती तिथूनच.

गेलं वर्षभर फावल्या वेळात मी असईच्या लढाईचा हा पट तयार करतो आहे. वॉरगेम खेळणारे या प्रकाराला हेक्स नकाशा म्हणतात: जमिनीच्या नकाशावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, प्रत्येक घरात एका वेळी एक-दोन सोंगट्या, प्रत्येक सोंगटी म्हणजे एक पलटण नाहीतर तोफखाना. असे नकाशे विकत मिळतात, पण मला हवी असलेली जमीन हव्या त्या मापात कुणी छापलेली नव्हती. तेव्हा घरीच करायचं ठरवलं. करता करता या षटकोनांचं कूळ शोधायची ओढ लागली, आणि मागे जाता जाता एक गोष्ट पक्की झाली. ही परंपरा मुळातच घरच्या टेबलावरची आहे.

बुद्धिबळापासून सुरुवात करू, कारण युरोपातल्या लोकांनीही तिथूनच केली. चतुरंगाच्या पटावर हत्ती, घोडे, रथ, पायदळ सगळं आहे. नाही ती फक्त जमीन. चौसष्टही घरं सारखीच. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे गणितज्ञ योहान हेल्विग यांनी हीच उणीव भरून काढली. त्यांनी सोळाशेहून अधिक चौकोनांचा पट केला आणि डोंगर, पाणी, दलदल, जंगल यांना वेगवेगळे रंग दिले. माझ्या दृष्टीने या कुळाचा मूळपुरुष तोच. घराच्या रंगावरून सोंगटीची चाल बदलते, ही कल्पना त्याच्या पटावर पक्की झाली. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस गेओर्ग व्हेंतुरिनी यांनी ३६०० घरांचा पट काढला. त्यावरची जमीन मनातली नव्हती. फ्रान्स आणि आजच्या बेल्जियमच्या सीमेवरचा खराखुरा मुलूख चौकोनांत बसवलेला होता.

तिथे चौकोनाची अडचण उघडी पडली. नदी चौकोनी वळणं घेत नाही, गाव घराच्या रेघेवर बसतं, टेकडीचा उतार अर्ध्या घरात संपतो. ब्रेस्लाऊचे सरकारी अधिकारी गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी सरळ घरंच काढून टाकली. १८१२ मध्ये त्यांनी प्रशियाचा राजा तिसरा फ्रिडरिश विल्हेल्म याला एक लाकडी टेबल नजर केलं. त्याच्या खणांत प्लास्टरचे रंगवलेले तुकडे होते, ते मांडून हवा तसा मुलूख उभा करायचा आणि अंतर मोजपट्टीने मोजायचं. ते टेबल आजही आहे. त्यांचा मुलगा तोफखान्यातला अधिकारी. त्याने १८२४ मध्ये १:८००० मापाच्या छापील नकाशावर हा खेळ आणला. सेनाप्रमुख फॉन म्युफलिंग आधी साशंक होते. खेळ संपेपर्यंत त्यांचं मत पार पालटलं आणि हा संच पलटणीपलटणीत पोचवण्याची व्यवस्था झाली. नकाशा बरोबर असेल तर खेळाला युद्धाच्या शाळेचं मोल येतं, हे तेव्हापासून लष्करांनी मानलं.

पण मोजपट्टीच्या खेळाला एक पंच लागतो. अर्ध्या सेंटिमीटरवरून वाद होतात, ते कुणीतरी मिटवावे लागतात. लष्करात पंच मिळतो. रविवारी दुपारी घरी खेळणाऱ्या दोन मित्रांना तो कुठून मिळणार? त्यासाठी घरं परत यावी लागली, आणि ती आली अमेरिकेत.

मेरीलँडमधला चार्ल्स रॉबर्ट्स हा तरुण १९५२ मध्ये लष्करी अधिकारी होण्याच्या वाटेवर होता. युद्धकलेचा सराव घरी करता यावा म्हणून त्याने स्वतःसाठी ‘टॅक्टिक्स’ नावाचा खेळ रचला. १९५४ पासून तो टपालाने विकायला लागला, सुमारे दोन हजार प्रती खपल्या आणि १९५८ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल ही कंपनी उभी राहिली. त्याच वर्षीच्या ‘गेटिसबर्ग’च्या पटावर घरं होती चौकोनी. मग रॉबर्ट्सच्या पाहण्यात रँड या संशोधन संस्थेतल्या युद्धखेळाचं एक छायाचित्र आलं आणि त्यात त्याला षटकोन दिसले. १९६१ मध्ये कंपनीच्या ‘डी-डे’ आणि ‘चान्सलर्सव्हिल’मध्ये षटकोन आले. गेटिसबर्गचीही षटकोनी आवृत्ती निघाली. गंमत अशी की १९६४ च्या आवृत्तीत तोच खेळ पुन्हा चौकोनांवर गेला. नवी गोष्ट रुजायला वेळ लागतो, पण षटकोनाचं पारडं जड होतं ते भूमितीमुळे.

चौकोनाला आठ शेजारी. चार बाजूंचे जवळ, चार कोपऱ्यांचे लांब. तिरपी चाल एकच घर मोजली तर सोंगटी ४१ टक्के जास्त अंतर फुकट कापते. षटकोनाला सहाच शेजारी आणि सहाही सारख्याच अंतरावर. इथेही दोष आहेच. काही दिशांना नागमोडी जावं लागतं आणि तिथे सरळ अंतरापेक्षा जास्तीत जास्त १५ टक्के घरं जादा मोजली जातात. पण ४१ आणि १५ यांतला फरक पटावर लगेच जाणवतो.

षटकोनाच्या जाळीला कापडासारखा धागा असतो. तीन दिशांना घरं सरळ रांगेत येतात, मधल्या दिशांना रांग वाकडी होते. नकाशा आखताना हा धागा कुठे धरायचा, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. असईला वेलस्ली पूर्वेकडून आला तसा शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पोलमन याने आपली सगळी फळी काटकोनात वळवली. केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या साधारण मैलभर रुंद पट्टीत मराठी पलटणी दक्षिणोत्तर उभ्या राहिल्या, एक टोक केळणेला, दुसरं असई गावाला. तोफा समोर ठेवून, शत्रू अंगावर येत असताना अशी फळी वळवायला केवढी शिस्त लागते! म्हणून मी धागा दक्षिणोत्तर धरला. फळी एका उभ्या रांगेत सरळ बसते आणि प्रत्येक पलटणीसमोर शत्रूची बरोबर दोन घरं येतात. आडवा धरला असता तर तीच फळी करवतीच्या दात्यांसारखी दिसली असती आणि पुढे आलेला प्रत्येक दाता तीन घरांकडून मार खात राहिला असता. पोलमनने केलेलं काम नकाशाने बिघडवू नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

पुढच्या पिढीचं नाव न्यू यॉर्कच्या एसपीआय या प्रकाशनाशी जोडलेलं आहे. १९६९ पासून जेम्स डनिगन आणि चित्रकार रेडमंड सिमनसन यांनी ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ मासिकाच्या प्रत्येक अंकात एक पूर्ण खेळ द्यायला सुरुवात केली. पुठ्ठ्याचा पट टपालाने पाठवणं महाग, म्हणून २२ बाय ३४ इंचांचा घडीचा कागदी नकाशा रूढ झाला आणि सोंगट्या अर्ध्या इंचाच्या. सिमनसनने नकाशा वाचनीय केला. मोकळी जमीन फिकट, रेघा सौम्य, आणि प्रत्येक घराला चार आकडी क्रमांक, पहिले दोन आकडे उभ्या रांगेचे, पुढचे दोन त्या रांगेतल्या घराचे. डनिगनच्याच १९७० च्या ‘पँझरब्लिट्झ’मध्ये तीन पट असे आखले होते की कडा कशाही जोडल्या तरी रस्त्याला रस्ता मिळावा. एसपीआय कोऱ्या हेक्सचे कागदही विकत असे. ते घेऊन लोक घरी आपापली जमीन रंगवायला बसले. ही कंपनी १९८२ मध्ये दुसऱ्याच्या हाती गेली, पण तिने घालून दिलेली मापं आजही घरच्या नकाशांना लागू पडतात.

माझं काम असं चाललं. १:५०,००० मापाच्या टोपोशीटवरचा असईचा भाग चौपट वाढवला की माप १:१२,५०० होतं. त्यावर १६ मिलिमीटरचा षटकोन ठेवला की एक घर म्हणजे बरोबर २०० मीटर. ३४ उभ्या रांगा, प्रत्येकीत २० घरं, एकूण ६८०. खिडकीच्या काचेवर टोपोशीट आणि ट्रेसिंग पेपर चिकटवून नद्या उतरवून घेतल्या, मग इंग्रजी पुस्तकांत छापलेल्या लढाईच्या आराखड्याशी ताडून पाहिल्या. जाळी संगणकावर इंकस्केपमध्ये आखली.

आणि मग ६८० प्रश्न सुरू झाले. घराच्या मध्यबिंदूवर काय आहे, तेच त्या घराचं रूप, असा मी नियम केला. पण नदी घराच्या आतून वाहत असेल तर सोंगटी नदीच्या कुठल्या काठावर उभी? म्हणून नदी घरांच्या बाजूंवर सरकवावी लागते. केळणेचं एक वळण मला दोन घरं खाली ढकलावं लागलं. दुसरं अजिबात हलवलं नाही, कारण ते हलवलं तर उताराचं गावाशी असलेलं नातं तुटतं. असईची मातीची तटबंदी एकाच घरात बसली. त्या एका घराला बचावाचा किती फायदा द्यायचा, यावर दोन रविवार गेले. त्या दिवशी ७४ वी स्कॉटिश पलटण गावाच्या फार जवळ गेली आणि तिची दाणादाण उडाली. ते या घरातून घडायला हवं. मराठी गोलंदाजांवरून शत्रू पुढे निघून गेला तरी त्यांतले काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि मागून पुन्हा तोफा डागू लागले. त्यांच्यासाठी नकाशात वेगळं घर नाही, नियम आहे. पण तोफांची रांग कुठे होती, हे नकाशात चुकलं तर तो नियम लागूच होत नाही.

छपाईचा अनुभव सांगतो, कारण तिथेच मेहनत वाया जाते. नकाशा चार ए-फोर कागदांत बसतो. पहिल्यांदा छापला तेव्हा पानं एकमेकांना जुळेनात. प्रिंटरने ‘पानात बसवा’ हा पर्याय आपोआप निवडून सगळं ९७ टक्के केलं होतं. डोळ्याला कळत नाही, पण दहा घरांत जवळजवळ पाच मिलिमीटर जातात. दुसऱ्या वेळी माप बरोबर आलं, तर पुठ्ठ्यावर चिकटवताना पातळ केलेला फेव्हिकॉल वापरला. कागद ओला झाला की एका दिशेला जास्त फुगतो. बायंडिंगवाले त्याला कागदाचा ग्रेन म्हणतात. जाळी वाळल्यावर तिरकी झाली, आणि इंकजेटची निळी शाई पसरून जुई नदी पुरात आल्यासारखी दिसू लागली. तिसऱ्या वेळी आर्किटेक्टचे आराखडे छापतात त्या दुकानातून प्लॉटरवर एकाच मोठ्या कागदावर छापून घेतला, मॅट लॅमिनेशन केलं आणि दुतर्फी चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर बसवला. चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका, दिव्याखाली अर्धा पट दिसत नाही. जाळीची रेघ काळी नको, करडी आणि बारीक हवी, म्हणजे आधी जमीन दिसते आणि मग घरं.

मराठ्यांच्या लढायांचे असे नकाशे मराठी माणसांनी करायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. पानिपत आहे, खर्डा आहे, पालखेड आहे. यांतल्या कित्येक ठिकाणी आपण एसटीने जाऊन उभे राहू शकतो, ओढा कुठे आहे आणि टेकडीवरून काय दिसतं ते डोळ्यांनी पाहू शकतो. राइसविट्झच्या मुलाजवळ चांगले छापील नकाशे होते. आपल्याजवळ ते आहेत आणि वर गावकऱ्यांना विचारण्याची सोय आहे. नदीला उतार कुठे आहे, हे असईला तेव्हाही तिथल्या माणसांनाच ठाऊक असणार.

तुम्ही करायला घेतलात तर एक करा. पहिलं पान छापून आलं की रंग, नावं, क्रमांक काहीही पाहण्याआधी स्टीलची पट्टी घ्या आणि एका उभ्या रांगेतली दहा घरं मोजा. बरोबर सोळा सेंटिमीटर भरली तरच दुसरं पान छापा.