बधन्याच्या तोटीपासून जेटपर्यंत

मराठवाड्यात शौचानंतर पाणी वापरायला कुणी कुणाला शिकवलं नाही. रानात जाताना टमरेल, घरी तांब्या, आणि निजामी अमलाखाली वाढलेल्या नांदेडच्या मुसलमान घरांतून बधना. यातला बधना मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याला तोटी असते. तांब्या कलंडला की पाणी भसकन सांडतं. तोटीतून ते बारीक धारेनं हव्या त्या जागी पडतं आणि थोडक्यात काम भागतं. आज संडासाच्या भिंतीला अडकवलेल्या जेटची खरी आजी ही तोटी आहे, असं मी मानतो.

दुसरं घराणं युरोपातलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या उमरावांच्या घरी बिडे दिसू लागला. लाकडी चौकटीत बसवलेलं लांबट भांडं, त्यावर मांड टाकून बसायचं आणि अंग धुवायचं. तो निजायच्या खोलीत असे. घरात नळ आले तसा तो न्हाणीघरात कमोडच्या शेजारी सरकला. इटलीनं 1975 साली प्रत्येक घरातल्या एका तरी न्हाणीघरात बिडे असलाच पाहिजे, असा नियम केला. पण तो कमोडपासून वेगळाच राहिला. एकावरून उठून दुसऱ्यावर बसायचं. आपल्याकडच्या अरुंद संडासात त्याला जागा मिळणार कुठून?

ही दोन घराणी एकत्र आली ती कमोडमुळे. खाली बसायच्या भांड्यावर तांब्या उत्तम चालतो. हात मागून सहज पोचतो, सांडलेलं पाणी भांड्यातच जातं. पण घरात गुडघे धरलेलं माणूस असलं आणि कमोड बसवला, की अडचण सुरू होते. हाताला जागा नाही, तांब्यातलं निम्मं पाणी सीटवर, उरलेलं फरशीवर. आणि ओल्या फरशीवरून म्हातारं माणूस घसरण्याची धास्ती वेगळीच. यावर पहिला तोडगा निघाला तो कमोडच्या मागच्या कडेवरून आत सोडलेल्या पितळी नळीचा, बाजूला छोटा कॉक. या नळीची धार ठरल्या जागीच लागते, आणि तिचं तोंड भांड्यातच असल्यामुळे त्यावर घाण उडते. हातात धरायच्या स्प्रेनं हे दोन्ही दोष घालवले. खटका दाबला की धार, सोडला की बंद. शिवाय तोंड भांड्याबाहेर राहतं.

जपाननं याच अडचणीला वेगळं उत्तर दिलं. धुण्याची सोय सीटमध्येच असलेला एक अमेरिकी नमुना 1964 मध्ये टोटो कंपनीनं मागवला. त्याचं पाणी कधी गार, कधी कढत येई. मग कंपनीनं स्वतःची सीट करायला घेतली. धार नेमकी कुठे पडावी हे ठरवण्यासाठी आपल्याच कर्मचाऱ्यांना बसवून मापं घेतली. जून 1980 मध्ये ‘वॉशलेट’ बाजारात आली. काम झालं की आत सरकणारी नळी आणि 38 अंशांचं कोमट पाणी ही तिची ओळख.

मात्र तांब्याला जे लागत नाही ते या सगळ्यांना लागतं: दाब. पाण्याची टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक बारच्या आसपास दाब मिळतो. आपल्या घरांत टाकी गच्चीवर, तोटीच्या जेमतेम दहा फूट वर. म्हणजे दाब 0.3 बार. तेवढ्यावर साधा स्प्रे चालतो. वॉशलेटसारख्या विजेच्या बऱ्याच सीटना जास्त लागतो, तेव्हा पेटीवरचा किमान दाब वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आणि टाकीत पाणीच नसेल तर? 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण आटलं. 11 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. ज्या घरात पाणी टँकरमधून पिंपात येतं आणि पिंपातून घागरीनं घरभर फिरतं, तिथे गच्चीवरच्या टाकीशी जोडलेला जेट कोरडाच लटकणार. म्हणून मी आग्रहानं सांगतो, लातुरात घर बांधताना जेटबरोबर खालचा नळ आणि बादलीपुरती जागा ठेवाच. टू-वे अँगल कॉक बसवला तर एकाच जोडणीवर दोन्ही भागतं.

बोअरचं पाणी जड असेल तर स्प्रेची बारीक भोकं क्षारानं बुजतात आणि धार वाकडी उडू लागते. ज्याची चकती काढून व्हिनेगरमध्ये भिजवता येते असा स्प्रे घ्यावा. शक्यतो पितळी, वरून मुलामा असलेला. हेच क्षार विजेच्या सीटमध्ये पाणी तापवणाऱ्या भागावर बसतात, आणि तिथे घरगुती इलाज चालत नाही. नांदेड-लातूरच्या बहुतेक घरांना साधा स्प्रेच योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद एकच, तो मोठा आहे: अर्धांगवायूनं किंवा संधिवातानं ज्याचा हात मागे जात नाही, त्याला विजेची सीट दुसऱ्याच्या मदतीवाचून स्वच्छ होऊ देते. त्या घरानं फिल्टर, दाबाचा पंप आणि नीट अर्थिंग यांचा खर्च आनंदानं करावा.

स्प्रेची खुंटी कमोडच्या कडेपेक्षा उंच हवी. स्प्रे बादलीत बुडालेला राहिला, खटका दाबलेला राहिला आणि तेवढ्यात नळाचा दाब गेला, तर बादलीतलं घाण पाणी उलटं नळात ओढलं जाऊ शकतं. खटका बंद असला तरी कॉक उघडा असेल तर रबरी नळीवर दाब राहतो. ती रात्री फुटली तर चार दिवसांनी भरलेली टाकी सकाळपर्यंत रिकामी. म्हणून वापर झाला की भिंतीवरचा कॉक फिरवून बंद करायचा.