वर्गातील यंत्र: कोणाच्या भाषेत, कोणाच्या हाती?



मकतबातील तख्ती आणि शाळेतील काळा फळा हीदेखील एके काळी नवी साधनेच होती, हे आपण विसरतो. म्हणूनच वर्गात नवे यंत्र आले की कोणी हुरळून जातो, तर कोणी धास्तावतो. वस्तुतः आपल्या देशात ह्या विषयाला अर्धशतकाचा इतिहास आहे.

दि. १ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' हा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळची वेळ शाळकरी मुलांची असे. महाराष्ट्र मात्र त्यांत नव्हता. आपली पाळी पुढे इन्सॅट उपग्रहामुळे आली व १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. ती २०१७ मध्ये बंद पडली. इन्सॅटवरील हे शालेय कार्यक्रम हिंदी, मराठी, गुजराती, तेलुगू व उडिया ह्या पाच भाषांत होत. उर्दू त्यांत नव्हती. आपल्या उर्दू शाळेतील मुलाला ते दिसले असतील, थोडेफार कळलेही असतील. पण त्याच्या हातातील पुस्तकाची भाषा ती नव्हती.

दुसरी अडचण आपल्याच तालुक्यातील. ज्या घारापुरी बेटाची लेणी पाहावयास जगभरचे लोक येतात, तेथील तीन गावांत वीज म्हणजे संध्याकाळी काही तास चालणारा जनरेटर. समोर रात्रभर मुंबईचे दिवे! समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून तेथे कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर शाळेच्या वेळी संच चालणार तरी कशावर?

ह्या पार्श्वभूमीवर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेकडे पाहावे. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड. शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी प्रथम पाठ मुलांच्या भाषेत नेले आणि मग पुस्तकाला क्यूआर कोड जोडले; मोबाइल धरला की त्या धड्याचे ध्वनिमुद्रण वा चित्रफीत उघडे. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचे 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले व त्यांतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना देऊ केली. वर्तमानपत्रांनी डॉलरच अधिक मोजले. मला विचाराल तर त्यांचे भाषेचे कामच मोठे. घरी कोकणी बोलून शाळेत उर्दू किंवा मराठी शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या पालकांना हे वेगळे सांगावयास नको.

असे कोड आता बालभारतीच्या पुस्तकांतही आले आहेत. मुलाच्या पुस्तकातील एखादा कोड आज रात्री घरी उघडून पाहा. पाठ त्याच्या माध्यमात नसेल तर शाळेत येऊन आम्हांला सांगा. आणि घरात मोबाइल एकच असेल, तर तो भावाच्या हातून बहिणीच्या हाती किती वेळ जातो, तेही जरा घड्याळ लावून पाहा.