गिअरचं तेल दुधी झालंय? समजून घ्या आउटबोर्ड इंजिनाच्या लोअर युनिटची दुरुस्ती

कोकणात छोट्या होड्यांच्या मागे आउटबोर्ड इंजिन लावलेलं तुम्ही पाहिलं असेल. आपली नजर त्याच्या वरच्या भागावर जाते. पण सगळ्यात जास्त सोसतो तो पाण्यात बुडालेला खालचा भाग, म्हणजे लोअर युनिट. तिथलं एक छोटं रबरी सील गेलं आणि वेळेत लक्षात आलं नाही, तर होडी भर समुद्रात अडकू शकते.

लोअर युनिटमध्ये असतं काय?

इंजिनातून खाली येणारा उभा शाफ्ट आणि पंखा फिरवणारा आडवा शाफ्ट इथे गिअरने जोडलेले असतात. आत गिअर ऑइल, बाहेर पाणी. दोघांना वेगळं ठेवतात ती ऑइल सील, ओ-रिंग आणि तेलाच्या स्क्रूंचे वॉशर.

पाणी शिरलंय हे कसं ओळखायचं?

खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल बाहेर काढा. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं, तर पाणी मिसळलंय. इंजिन बरेच दिवस बंद असेल, तर तळाला बसलेलं पाणीच आधी बाहेर येतं. तेलासोबत धातूचे तुकडे आले, तर मात्र गिअर किंवा बेअरिंगचं नुकसान झालेलं असतं.

पाणी येतं कुठून?

पहिला संशय पंख्यामागच्या सीलवर. जाळ्याचा दोरा किंवा तंगूस शाफ्टभोवती गुंडाळली जाते आणि सील कापते. उभ्या शाफ्टचं सील, गिअर बदलणाऱ्या दांड्याचं सील आणि स्क्रूचे जुने वॉशर हे पुढचे संशयित. चालताना तापलेली पेटी इंजिन बंद केल्यावर पाण्यात झटपट थंड होते. आतला दाब कमी होतो आणि खराब सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

सील बदलताना काय पाहायचं?

आधी स्पार्क प्लगच्या वायरी काढा, म्हणजे पंखा हाताळताना इंजिन चुकून सुरू होणार नाही. सील कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून बसलंय, याचा फोटो काढून ठेवा. अनेक इंजिनांत दोन सील पाठीला पाठ लावून बसवलेली असतात. एक तेल आत अडवतं, दुसरं पाणी बाहेर. गिअरमागच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, जिथल्या तिथेच परत बसवा. गिअरमधलं अंतर त्यांच्यावर ठरतं.

आता महत्त्वाचं. शाफ्टवर नखाला लागेल इतकी खाच पडली असेल, तर नवीन सीलही गळणार. शाफ्ट बदला किंवा त्यावर पातळ स्लीव्ह चढवा. खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेस स्प्रिंगचं सील घ्या, साधी स्प्रिंग गंजते. युनिट उतरवलंच आहे, तर वॉटर पंपाचं इम्पेलरही बदलून टाका.

तेल भरण्याआधी चाचणी

रिकाम्या पेटीत हवा भरा. साधारण १० पीएसआयचा दाब काही मिनिटं टिकायला हवा, अचूक आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. जास्त दाबाने सीलच निसटू शकतं. पेटी पाण्यात बुडवून शाफ्ट हाताने फिरवा. बुडबुडे दिसले, तर गळती तिथेच आहे.

तेल खालच्या भोकातून भरा, म्हणजे हवा अडकत नाही. वरून तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. वॉशर नवेच वापरा.

जुन्या इंजिनावर इतकी मेहनत का?

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत आउटबोर्ड इंजिनं विकायला सुरुवात केली. त्यांच्या नावाच्या इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. तरी सीलवर छापलेल्या मापावरून तसंच सील बेअरिंगच्या दुकानात अनेकदा मिळतं. गिअरचा जुना संच शोधणं मात्र अवघड आणि खर्चिक. त्यामुळे पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की आधी तेलाचा रंग तपासा.