तंजावरच्या मुदपाकखान्यात

हल्ली महागड्या रेस्टॉरंटात जेवायला गेलं की एका घासात मावेल एवढं काहीतरी भल्यामोठ्या ताटलीत येतं आणि त्यासोबत अख्ख्या प्रदेशाची संस्कृती वेटर तोंडी वाढतो. आज मी तुम्हाला जिथे नेतोय तिथे गोष्टी सांगायला कुणाला सवड नाही. चपला इथेच काढा. ती जीन्सही चालणार नाही. धोतर नेसा, नाहीतर लुगडं. घाम पुसायला पंचा घ्या, लागेल.

हे 1820च्या आसपासचं तंजावर. सरफोजीराजे भोसल्यांचा वाडा, कावेरीकाठचा उन्हाळा, भर दुपार. ओसरीच्या फरशीवर पाय ठेवलात की तळवे भाजतात, म्हणून तुम्ही सावली धरून पळता आणि थेट धुरात शिरता. डोळे चुरचुरतात. तापल्या तिळाच्या तेलात कढीपत्ता तडतडतो, हिंगाचा भपकारा नाकात बसतो. कानांवर तमिळ आदळतंय, मधूनच तेलुगू, आणि अचानक कुणीतरी खणखणीत मराठीत ओरडतं, ‘‘अरे, तूप आण तूप!’’ घरापासून इतक्या लांब ही हाक ऐकून तुम्ही थबकता. मागचा पाणक्या घागरीसकट तुमच्यावर आदळतो. आता निम्मे भिजलात. बरंच झालं.

वाड्यात एकच स्वयंपाकघर नाही. ब्राह्मणी पाकशाळा वेगळी. तिच्या उंबऱ्याला हात लावायच्या आधीच ‘सोवळं!’ म्हणून अंगावर येतील. बाहेरूनच वास घ्या. इंग्रजी पदार्थांचं स्वयंपाकघर वेगळं, साहेबलोकांच्या सरबराईसाठी. राजे लहानपणी श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. पाहुण्यांशी ते लिनीअस आणि शेक्सपिअरबद्दल बोलतात. साहेबांचं जेवण मला विचाराल तर मिळमिळीत, तिथे रेंगाळू नका.

खरी मौज मराठा मुदपाकखान्यात. भल्यामोठ्या तपेल्यात केशरी मांस रटरटतंय. आचारी झाकण काढतो तशी वाफ तुमच्या चेहऱ्यावर येते. आधी केशर, मग तूप, आणि मागून मसाल्याचा ठसका. पलीकडे खिमा वाटायला बसलेल्या बाईच्या दंडावरून घाम ओघळतोय, तरी पाट्यावरची लय तुटत नाही. तुम्ही वाकून बघता, तर ती वरवंटा न थांबवता तुम्हाला कोपराने बाजूला सारते.

मग पान वाढलं जातं. केळीचं, नुकतं धुतलेलं, पाण्याचे शिंतोडे अजून चमकतायत. भात असा गरम की बोटं टेकवून लगेच मागे घ्याल; शेजारचा म्हातारा तुमची फजिती बघून बोळक्या तोंडाने हसतो आणि स्वतः तोच भात खुशाल कालवतो. त्यावर आंबट वरण येतं. आमसुलाची चौकशी करू नका, इकडे चिंचेचं राज्य. टोमॅटो तर कुणाच्या स्वप्नातही नाही. नारळ मात्र जिकडेतिकडे. आणि पानाच्या कडेला हे काय? उडदाचं भाजलेलं पीठ, दह्यात कालवलेलं, वर मोहरीची फोडणी. डांगर! इथे त्याला डांगर पच्चडी म्हणतात. आजीच्या हातचा पदार्थ कावेरीकाठी तमिळ आडनाव लावून बसलाय. बोट चाटून खात्री करून घ्या, कुणी बघत नाही. म्हातारा बघतोय, पण तो तुमच्याच बाजूचा आहे.

‘‘तण्णी, तण्णी!’’ करत पाणी फिरतं. जेवून उठल्यावर कॉफी मागाल, तर लोक एकमेकांकडे बघतील. घरोघरच्या त्या वेडाला अजून अवकाश आहे. विडा घ्या.

हात धुवून परत येताना चुलीजवळ गर्दी दिसते. राजांच्या वाड्यातल्या पाककृती मराठीत उतरवून ठेवायचं चाललंय, त्यातूनच ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ उभं राहणार आहे. कारकून बोरू सरसावून बसलाय. ‘‘तूप किती?’’ तो विचारतो.

‘‘लागेल तेवढं,’’ आचारी म्हणतो.

‘‘लागेल तेवढं कसं लिहू? शेर सांगा, छटाक सांगा.’’

‘‘माझ्या हाताला छटाक कळत नाही. वीस माणसं असली तर एवढं,’’ आणि तो पळी हवेत तिरपी करून दाखवतो. कारकून कपाळाला हात लावतो, बोरूची शाई कपाळावर उमटते. सगळे हसतात. तेवढ्यात आचाऱ्याची नजर तुमच्यावर जाते. ‘‘तुम्ही जेवलात ना आत्ता? मग सांगा याला, तूप कमी होतं की जास्त?’’