सुटकेसमधले क्षेपणास्त्र

पायदळाच्या हाती रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र देण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीत रुजली. तिथले एक्स-७ प्रत्यक्ष लढाईत फारसे उतरले नाही. पुढे फ्रान्सने १९५५ च्या सुमारास एसएस-१० सैन्यात आणले.

सोव्हिएत ‘माल्युत्का’ने मात्र युद्धाचे गणितच बदलले. सुमारे ११ किलोंचे हे क्षेपणास्त्र सुटकेससारख्या पेटीतून पाठीवर नेता येई. मारा ३ किलोमीटरपर्यंत. मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून सैनिक छोट्या दांड्याने त्याला दिशा देई. क्षेपणास्त्र आणि रणगाडा या दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवायची आणि तीही जवळपास २५ सेकंद! त्यासाठी दीर्घ सराव लागे. ऑक्टोबर १९७३ मध्ये सुएझ ओलांडलेल्या इजिप्तच्या पायदळाने त्या सरावाचे फळ दाखवून दिले. पायदळाची साथ न घेता चालून आलेल्या इस्रायली रणगाड्यांची मोठी हानी झाली. पण सारे श्रेय क्षेपणास्त्राला देणे अन्यायाचे. जवळच्या अंतरावर खांद्यावरून डागायचे आरपीजी-७ रॉकेट चालवणारे सैनिकही तितकेच निर्णायक होते. इस्रायलींनी लवकरच उपाय शोधला: क्षेपणास्त्र सोडणाऱ्याच्या दिशेने भडिमार करून त्याचा हात डळमळीत करायचा.

दोन्हींवर नजर ठेवण्याचा ताण फ्रान्स-जर्मनीच्या ‘मिलान’ क्षेपणास्त्राने हलका केला. नेम लक्ष्यावर धरला की पुरे. ते हैदराबादेतही तयार होऊ लागले. १९९६ मध्ये आलेले अमेरिकी ‘जॅव्हलिन’ सुटल्यावर स्वतःच लक्ष्य गाठते आणि रणगाड्याच्या पातळ छतावर वरून आदळते. याच पिढीतल्या भारतीय क्षेपणास्त्राची चाचणी सप्टेंबर २०१८ मध्ये अहमदनगरच्या मैदानावर झाली.